वन्संचं केंद्र लागेना

दिवाळीला माझी नणंद टेंभुर्णीला लेकाकडे गेली आणि तिथून एक तक्रार घेऊन आली.

"तितं रेडिओवर माझं केंद्र लई स्वच्छ लागतं. हितं नुसती खरखर."

"मग तितंच ऱ्हायचं की," मी म्हणाले.

"लेक बी तेच म्हणतोय. संक्रांत झाली की न्यायला येतो म्हणालाय."

मी उठले. भांडी घासायला गेले.

आम्ही दोघीही विधवा. ती माझ्याहून मोठी, मी तिला वन्सं म्हणते. माझा नवरा गेल्यावर ती सोलापुरात माझ्याकडे राहायला आली, ती राहिलीच. पुढे तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आता उजेड आहे की अंधार, एवढंच तिला कळतं. टीव्हीचा तिला उपयोग नाही. तिला संध्याकाळी शॉर्टवेव्हवरचं परदेशातलं एक हिंदी केंद्र हवं असतं. तिकडची एक बाई सावकाश बातम्या सांगते आणि मग बिहार, राजस्थान, कुठल्या कुठल्या लोकांची पत्रं वाचते. कुणाकडे पाऊस झाला, कुणाची मुलगी पास झाली. त्या मुलीचं लग्न ठरलं का, हे वन्सं मला विचारते. मला काय ठाऊक?

ती गेलेली मला चालणार नव्हती. एकटीपुरत्या भाकरी थापायचा मला कंटाळा आहे, आणि एकटं जेवायचं तर त्याहून. पण हे तिला सांगण्यापेक्षा केंद्र नीट लावून देणं मला सोपं वाटलं.

आमच्या घरावर पत्रा आहे आणि दोन्ही बाजूंना यंत्रमाग. पत्र्याखाली रेडिओ घुसमटतो. म्हणून आधी मी तो उचलून दाराच्या उंबऱ्यावर ठेवला. थोडा फरक पडला. मग एरियल फिरवायला म्हणून हातात धरली, तर ती बाई एकदम मोठ्याने बोलायला लागली. हात काढला की बाई बुडाली.

"धर, धर! सोडू नगंस," वन्सं ओरडली.

अर्धा तास मी एरियल धरून उभी. दुसऱ्या दिवशीही तेच.

"वन्सं, हात दुखायला लागला."

"दुसऱ्या हातानं धर."

"मी काय खांब हाय व्हय?"

"खांब बरा. खांब मधीमधी बोलत न्हाय."

मग मी आमच्या गल्लीतल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून जळक्या मोटारीची तांब्याची तार आणली. एक टोक एरियलला गुंडाळलं, बाकीची तार शिडी लावून पत्र्यावर पसरली. काहीच झालं नाही. दोन दिवस मी त्या तारेला शिव्या घातल्या. मग कळलं, तार उघडी दिसते, चकाकते, पण तिच्यावर वार्निश असतं. ते खरवडल्याशिवाय ती एरियलला लागूनही न लागल्यासारखीच. माझ्याकडे बिड्यांची पानं कापायची जुनी कात्री आहे. तिने टोक खरवडलं, लाल तांबं दिसायला लागलं तेव्हा पुन्हा गुंडाळलं. आणि पत्र्यावर नुसती पडलेली तार काही कामाची नाही हेही कळलं. ती मी शेजारच्या गच्चीवरच्या बांबूला बांधली, पत्र्यापासून चांगली उंच. मी शिडीवर असताना वन्सं खालून सारखी विचारत होती, "पडलीस का?" पडले असते तर आवाज आला नसता का?

बाई बोलायला लागली. पण खरखर होतीच. मला वाटलं, मागांची. एकदा संध्याकाळी लाईट गेली, तर सेलवरचा रेडिओ असा स्वच्छ लागला की वन्संने मांडीवर थाप मारली. लाईट आली. माग अजून बंदच होते, तरी खरखर परत सुरू. मी वर बघितलं. आमच्याच खोलीतला नवा एलईडी बल्ब! बटण बंद केलं, खरखर निम्मी झाली. तेव्हापासून केंद्र लागलं की आम्ही बल्ब बंद करतो.

"मला काळोखात बसवलंत," मी म्हणाले.

"मग काय झालं? मी रोजच बसते."

एक गोष्ट मात्र मला सुधारता आली नाही. चांगला चाललेला आवाज मधेच आपोआप बारीक होत जातो, पार नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने भरून येतो. पहिल्यांदा मी घाईने काटा हलवायची. मग आवाज यायचा तेव्हा आम्ही भलतीकडेच असायचो. वन्संने माझ्या हातावर चापट मारली. "काट्याला हात लावू नगं. गेला तसा येतोय."

संक्रांतीनंतर वन्संचा लेक, माझा भाचा, तिला न्यायला आला. तिन्हीसांजेची वेळ होती. वन्संने त्याला मुद्दाम रेडिओजवळ बसवलं. बाईने नमस्कार केला, बातम्या सुरू झाल्या, आणि आवाज गेला. गेला तो गेलाच. नुसती सूं सूं.

"आये, ह्यात काय ऐकतीस तू?" भाचा म्हणाला. "तितं कसं खणखणीत लागतं. चल माझ्यासंगं."

"येतंय परत. गप बस."

येईना. काट्याकडे जाऊ नये म्हणून मी हात पदराखाली घेतला.

"मामी, तुमीच सांगा की हिला."

खोटं बोलायला मला जमत नाही. मी म्हणाले, "तुज्याकडं चांगलं लागतं, ते खरं हाय. घेऊन जा."

वन्संने तोंड माझ्याकडे वळवलं. "मला घालवायला निघालीस? हे घर माज्या बापानं बांधलंय. तू मागनं आलीस हितं."

"मी कुटं घालवतीय? केंद्राचं इचारलं, केंद्राचं सांगितलं."

"केंद्राचं तुला काय कळतंय? आत्ता आत्ता काट्यावरचा हात काढायला शिकलीस. मी गेले की परत फिरवत बसशील."

"आये, मग येतीस का न्हाय?" भाच्याने विचारलं.

"न्हाय. आता बोलू नगा कुणी."

सूं सूं मधून कुठूनतरी बाईचा आवाज वर यायला लागला होता. पत्रं सुरू झाली होती. भाचा गुडघे पोटाशी घेऊन बसला. मी अंधारातच उठले आणि तिघांच्या भाकरींचं पीठ काढलं.