पाटाची खाच

माझं शिक्षण चौथी. पेणच्या कचेरीत मी शिपाई होतो. कंपनीचा कारखाना रोह्याजवळ, धाटावला. नव्वदीच्या शेवटी दोन्हीकडं कॉम्प्युटर आले आणि फोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलायला लागले. एका पावसात वीज पडून आमचा पेणचा जळला. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी नवा बसवला. बसवणारा गेला, साहेबही आपल्या गावी पळाले. मला सांगून गेले, "गाड्या सोडायचे हुकूम धाटावला पोचले, की कुलूप लाव."

आमचं घर रोह्याच्या पलीकडं. दुपारी बायको मूर्तिकाराकडून आमचा गणपती घेऊन कचेरीत आली. देवाच्या तोंडावरून पाटापर्यंत रुमाल, हिला हरतालिकेचा उपास. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली, तर उद्या पूजेच्या वेळेला देव वाटेतच.

तेवढ्यात फोन. धाटावच्या ऑपरेटर बाई.

"काका, माझा कॉम्प्युटर तुमच्याला ओळखत नाय. म्हणतो, याची चावी वेगळी हाय."

"अवो, नवाच हाय तो!"

"ते मला ठाऊक, त्याला नाय ना. चावी म्हणजे कॉम्प्युटरची ओळख. जुनी मी पुसते. नवी आली की तो विचारेल, घेऊ का? तुम्ही तिथं नव्या चावीची खूण काढून मला वाचून दाखवा. मी इथली जुळवते."

खूण काढायचा हुकूम त्यांनी एकेक अक्षर करून सांगितला. "एस, एस, एच, मग आडवी रेघ, के..." मोठी एबीसीडी मला गाड्यांच्या पाट्यांवरून यायची, बारीक अर्धीमुर्धी. एका बोटानं दाबत बसलो.

"कोंबडी बरी," बायको म्हणाली, "दाणा तरी पटकन टिपते."

काळ्या पडद्यावर खूण आली. आकडे नि अक्षरं, जोडीजोडीनं. मी वाचली.

"एक जोडी जुळत नाय," बाई म्हणाल्या. "जाऊ द्या, वाचताना चुकला असाल. मी घेऊन टाकते. मला पण घरी मोदक वळायचेत."

मला तेच हवं होतं. पण बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"नाय म्हणा त्यांना!" बायको कडाडली. "आपला पाट बघितल्याबिगर मी कधी गणपती उचलला काय?"

आमच्याकडं आपला पाट मूर्तिकाराकडं आधी नेऊन देतात, मूर्ती त्याच्यावरच बसवून मिळते. आमच्या पाटाच्या कडेला हिनं विळ्यानं खाच पाडलेली. मूर्त्या सगळ्या सारख्याच दिसतात. ही रुमालाखालनं बोट फिरवायची, खाच लागली तरच उचलायची.

"गाडी जाईल गो!"

"जाऊ दे. दुसऱ्याचा देव घरात घेऊ काय? वाचा परत."

ती पडद्यावर एकेका जोडीखाली बोट धरून उभी राहिली. परत वाचली. बारीक बी मला मघाशी सहा वाटली होती.

"जुळली!" बाई ओरडल्या. "काका, काकूंना नमस्कार सांगा."

हुकूम गेले, कुलूप लागलं. स्टँडवर पोचलो तर एसटी फाटकातून बाहेर पडत होती. मी गाडीला आडवाच गेलो. कंडक्टर शिव्या द्यायला उतरला नि मूर्ती बघून म्हणाला, "या देवा." वाटेतलं गडब गाव येईपर्यंत मी हसत होतो.

"हसवू नका," ती म्हणाली, "उपाशी हाय, देव हलतो."

पुढं काही वर्षांनी ती गेली. आता पाट मीच नेतो, मीच आणतो. मुलगा म्हणतो, "आबा, पाटावर नाव लिहिलंय की." असू दे. मी रुमालाखाली हात घालतो. खाच बोटाला लागते. जे काय रडायचं ते तिथंच, मूर्तिकाराच्या दारात, लोकांसमोर. मग डोळे पुसतो, देवाला उचलतो आणि म्हणतो, "चल रे, गाडी जाईल."