धर्माजी तांडेलाचे नको ते शब्द

धर्माजी तांडेलापुढं तोंड उघडायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येई. ठाण्याच्या खाडीवर, धक्क्याच्या टोकाला दगडी खांबावर घासलेटचा दिवा होता. गलबतांना वाट दाखवणारा. त्याच्या राखणीवर तो, आणि हाताखाली मी. ‘बुडाला’, ‘फुटला’, ‘विझव’ हे शब्द त्याच्यापुढं काढायची सोय नव्हती. सकाळी दिवा ‘निजवायचा’. माझ्या हातून मडकं फुटलं तरी ते ‘दमलं’ म्हणायचं.

"पाणी आयकतंय रं," तो बजावी. "त्याला नाय ते शिकवू नुको."

मी माणदेशचा. चौथीत शाळा सुटली; पुढं आई-बायकोला मागं ठेवून पोटासाठी इथं आलो. ओळख ना देख, धर्माजीनं शब्द टाकून मला कामाला लावलं, घरचा मासळीभात खाऊ घातला. त्यामुळं चिडायचं तेही मनातल्या मनात. आणि कारणं तर उदंड. त्याच्या आज्यानं गलबत मस्कतला नेलं, कल्याणला केवढाली जहाजं बांधत, हे रोज ऐकायचं. खाडीपुलावरनं आगगाडी गेली की तो माझ्याकडं असा बघे, जणू मीच ती हाकतोय.

एका संध्याकाळी त्याचा मुलगा राघो कौलं भरलेलं गलबत घेऊन यायचा होता. अचानक वारा उठला, खडकाजवळची वाट अंधारली. मी शिडीवर. ज्योत बसत चाललेली, काच काळवंडलेली. खालून धर्माजी ओरडला, "दिवा वाढव!"

माझा हात थबकला. आमच्याकडं ‘विझव’ म्हणणं अशुभ, म्हणून आई ‘दिवा वाढव’ म्हणे. शिवाय काच पुसायची तर विझवावाच लागतो.

"वाढव म्हणजे काय करू, तांडेल?"

"वाढव म्हंजे वाढव! मराठी येतं का नाय तुना?"

"आमच्यात वाढव म्हणजे..." तो शब्द काही काढवेना. "म्हणजे निजव!"

मग तो किंचाळला, "आरं, इझला त माजा पोऱ्या बुडंल! वात वर कर!"

मी वात वर केली. राघो धक्क्याला लागला, तेव्हा बाप पाण्याकडं पाठ करून बसला होता. "तुज्यापायी नाय ते बोललो मी," एवढंच मला म्हणाला, आणि कित्येक दिवस तेच ऐकवत राहिला.

पण तेव्हापासनं मरेपर्यंत, एकट्या माझ्याशी तो सरळ बोलला. "यो घाटी हाय, याला उघडंच सांगाया लागतं," असं आधी खाडीला मोठ्यानं कळवायचा, दोन्ही कान धरायचा, आणि मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणायचा, "इझव."