न्योन्याचं पथ्य

वागिरानची बायको हाँगकाँगला धुणीभांडी करायला गेली ती गेलीच. तिसऱ्या वर्षी तिनं फोनवर सांगितलं, मी इथं बरी आहे. वागिराननं आम्हाला सांगितलं, ती तिथं बरी आहे. एवढ्यात संसार आटोपला. मग त्यानं पंक्चरच्या दुकानामागं सिमेंटचा हौद बांधला आणि कालव्यात माशांच्या सापळ्यात अडकलेलं घोरपडीचं वीतभर पिल्लू त्यात सोडलं. नाव ठेवलं न्योन्या. बाईसाहेब!

मी म्हटलं, "वागिरान, एक बाईसाहेब टिकवता आली नाही, आता दुसरी?"

"ही पोहत जाऊन जाऊन किती लांब जाईल, बुलिक?"

गावात लहानथोर सगळे मला बुलिकच म्हणतात, मावशी. माझी तळलेल्या कोंबडीची टपरी त्याच्या दुकानाला चिकटूनच. आणि खरं सांगायचं तर पापाची पहिली वाटेकरीण मीच. रोज दुपारी उरलेली कातडी, मुंडकी, माना मीच त्याला द्यायची. तो त्यातली हाडं काढायचा, हो, एकेक हाड, तळहातावर घेऊन, आणि नारळाच्या दुधातल्या भातात कालवून न्योन्याला भरवायचा. वर उकडलेलं बदकाचं अंडं. स्वतः मात्र मिरचीच्या ठेच्याशी भात खायचा.

नऊ वर्षांत न्योन्या माणसापेक्षा लांब झाली आणि पोट असं सुटलं की चालताना मागं झाडू मारल्यासारखी वाट उमटायची. गळ्याखाली चरबीच्या घड्या. वागिरानला कोण कौतुक! कुणी पंक्चरला आलं की आधी हौद दाखवायचा, मग चाक काढायचा.

"आमच्या घरात खाऊन-पिऊन सुखी आहे," म्हणायचा.

"तुझ्याकडं बघून वाटत नाही," मी म्हणायची.

मग एके दिवशी न्योन्याचे मागचे पाय थरथरायला लागले. पायरी चढेना. वागिराननं तिला लुंगीत गुंडाळली, चार जणांनी टेम्पोत टाकली आणि शहरात जनावरांच्या डॉक्टरणीकडं नेली. मीही गेले. फुकटात शहर बघायला मिळत असेल तर मी कशाला सोडू?

डॉक्टरीण पोरसवदाच, पण जीभ धारदार. तिनं विचारलं, "काय घालता खायला?"

यानं छाती पुढं काढून सगळं सांगितलं. हाडं काढून देतो तेही.

"काका, ही घोरपड आहे, तुमची सासू नाही," ती म्हणाली. "यकृत चरबीनं भरलंय, हाडं बिस्किटासारखी झालीत. असंच चाललं तर पुढचा रोज्यांचा महिना ही बघणार नाही."

वागिरानचं तोंड असं झालं की मलाही चिडवायला सुचेना. क्षणभरच हं.

"तळलेलं बंद. मीठ बंद, नारळ बंद, भात तर बंदच. आठवड्यातून दोनदाच खायचं. आख्खं जनावर द्यायचं, हाडाकातड्यासकट. शेतातल्या गोगलगायी शंखासकट, खेकडे, मासे. आणि उंदीर. हिला उंदीर सगळ्यात चांगले."

वागिराननं दचकून दाराकडं पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना! शहरातली पोर, तिला काय माहीत? आमच्याकडं तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आम्ही 'देन बागुसे' म्हणतो, देखणे राजकुमार. नुसतं नाव घेतलं तरी त्यांच्या कानावर जातं आणि सकाळी पाहावं तर रोपं कुरतडलेली, सणाची लुंगी कुरतडलेली. मग आपल्या हातानं मारणं तर सोडूनच द्या.

पथ्य सुरू झालं. न्योन्यानं तीन आठवडे गोगलगायीला तोंड लावलं नाही. माझी कढई तापली की हौदाच्या भिंतीवर डोकं आपटायची. वागिरान माझ्याकडं पाठ करून बसायचा, वास येऊ नये म्हणून नाकाला फडकं. त्यालाही वास सहन होईना, तिलाही.

"बुलिक, एक कातडी. एकच. बोटभर."

"दे की. खड्डा मात्र दोघांना पुरेल एवढा खण, म्हणजे माझं काम वाचेल."

नाही दिली त्यानं. चौथ्या आठवड्यात न्योन्यानं शंख फोडला. त्या कडाड् आवाजाला वागिरान एवढा हसला की हातातलं चाक घरंगळत रस्त्यात गेलं. पण पायांची थरथर काही थांबेना. डॉक्टरीण फोनवर विचारायची, "ते देताय ना?" हा म्हणायचा, "देतो, देतो." लबाड!

शेवटी मीच माझ्या स्वयंपाकघरात पिंजरा लावला आणि एक धरून दिला. यानं काय करावं? पिंजऱ्यापुढं मांडी घातली, हात जोडले, "राजकुमार, माफ करा, बाई आजारी आहे," म्हणाला, अर्धा तास त्याच्याशी बोलला आणि दार उघडून दिलं. तेही माझ्याच अंगणात! दुसऱ्या दिवशी माझं पिठाचं पोतं फुटलेलं.

"बघ, ओळख लक्षात ठेवली त्यांनी," मी म्हटलं.

मग त्याला एक युक्ती सुचली. कालव्यापलीकडं भाताला कुंपण म्हणून एका शेतकऱ्यानं विजेची उघडी तार लावली होती. आता बऱ्याच जणांनी लावलीय. रात्री तारेत वीज सोडायची, पहाटे बंद करायची. बांधावर राजकुमार ओळीनं पडलेले असतात.

"मी मारले नाहीत, बुलिक. विजेनं मारले. त्यांचा राग विजेवर."

"आणि खाणार कोण? तिच्यावर नाही का राग?"

"ती जनावर आहे. तिचा त्यांचा हिशेब वेगळा."

असा हा कायदेपंडित! उजाडल्यावर टोपली घेऊन जायचा, प्रत्येकाला वाकून "नुवुन सेवू, राजकुमार" म्हणायचा, म्हणजे परवानगी असावी, आणि केळीच्या पानात गुंडाळून आणायचा. न्योन्या शेपटीसकट गिळायची. वर्षभरात खताच्या काट्यावर सव्वीस किलोची एकोणीस झाली. पायांची थरथर थांबली. एके दुपारी तर दुकानाच्या पत्र्यावर चढून बसली आणि वागिरान खाली उभा राहून तिला भित्र्या आईसारखा हाका मारत होता. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, अजून दहा वर्षं जगेल.

तो शेतकरी एका लग्नात रात्रभर जागला होता. सकाळी झोपून राहिला. तार चालूच.

वागिरान आम्हाला आठच्या सुमाराला सापडला. टोपलीत चार राजकुमार होते, पाचवा तारेपाशी पडलेला, आणि त्याच्याकडं हात लांबवून वागिरान. हा सहावा काही देखणा नव्हता.

सातव्या दिवशीचं जेवण माझ्याच टपरीवर झालं. लोक पोटभर जेवले, शेतकरीसुद्धा आला होता, दोनदा भात घेतला त्यानं. वागिरानचा भाऊ सादिमिन आला आणि दुकान, हौद, न्योन्या, सगळं त्याच्या ताब्यात गेलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं तेलवाल्याला बोलावलं. हा माणूस घोरपडीची चरबी कढवून खाजेवर तेल विकतो. त्यानं न्योन्याच्या शेपटीचा बुडखा दाबला, पोट चाचपलं आणि हात झटकले.

"हिच्यात तेल कुठंय? कुणी उपाशी ठेवली हिला?"

"माझ्या भावानं," सादिमिन म्हणाला, भाऊ चोर असल्यासारखा.

"लठ्ठ करा, मग बोलवा. सहा महिने लागतील."

सादिमिन तडक माझ्याकडं आला. "बुलिक, दादाला कातडी द्यायचीस ना? मलाही देत जा."

"संपली," मी म्हटलं. टोपलं भरलेलं होतं, त्याला दिसत होतं.

"बरं," म्हणाला आणि चौकातल्या दुसऱ्या कोंबडीवालीकडं गेला. ती बाई तर हाडंसुद्धा काढून देते.

मग मी एक मारला. साठी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. लाटण्यानं. हात दोन दिवस धुवत होते. पानात गुंडाळला आणि सादिमिन बाजाराला गेलेला बघून हौदाशी गेले. न्योन्यानं जीभ बाहेर काढून त्याचा वास घेतला, माझ्या हाताचा घेतला. मग वळली आणि कोपऱ्यातल्या नारळाच्या भातात तोंड घालून कातडी शोधायला लागली.

मी रोज नेते. अजून एकही घेतला नाही तिनं. पोट परवापासून जमिनीला लागतंय.