तळ्यापलीकडचा बाक

माझा कॅमेरा स्वस्तातलाच, पण त्याचा झूम जबरदस्त. गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवून श्वास रोखला, की तळ्यापलीकडच्या खंड्याची चोचसुद्धा दिसते. काल खंड्या उडाला आणि मागचा बाक चौकटीत आला. बाकावर बाबा बसले होते.

आई गेल्यावर मीच त्यांना म्हणालो होतो, “बाबा, घरात किती बसाल? मित्रांकडे जात जा जरा.” तेव्हापासून ते रोज संध्याकाळी पत्ते खेळायला जातात, असं मी समजत होतो. बाबा एकटेच होते. घड्याळ बघायचे, पाण्याकडे बघायचे, पुन्हा घड्याळ. घरी परतायची वेळ होण्याची वाट बघत होते. मी कॅमेरा खाली घेतला.

लांबचं जवळून बघायची हौस म्हणून हा कॅमेरा घेतला. रोज माझ्या शेजारी जेवायला बसणारा माणूस किती लांब गेलाय, तेही त्यातूनच दिसायचं होतं.

सात वाजता बाबा आले.

“कोण जिंकलं आज?” मी विचारलं.

“मीच,” ते हसून म्हणाले, आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं.