आमच्या ह्यांनी आवळलेले ब्रेक

माझ्या धाकट्या जावेच्या नवऱ्याला मोटारीचे ब्रेक आवळता येत होते आणि माझ्या नवऱ्याला येत नव्हते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात मला दुसरं काही दुःख नव्हतं.

माझे दीर, वसंतभाऊजी, यांनी एक जुनी, मागं उघड्या हौद्याची मोटार घेतली होती. मोहोळच्या बाजारातून ज्वारीची पोती आणून आणून तिचे ब्रेक ढिले पडायचे. मग भाऊजी भर रस्त्यात मोटारीखाली शिरायचे, अर्धी पेठ बघायला जमायची, आणि माझी जाऊ इंदू चहाचा पेला घेऊन अशी उभी राहायची, की जणू मोटार तिच्याच माहेरून आली आहे. आमचे हे कोर्टात कारकून. निकालाच्या नकला मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे. (पण नकला लिहिताना बघायला कोण जमतंय?)

मोहोळला माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं आणि घरचे सगळे मोटारीनं निघणार होते. आदल्या दिवशी भाऊजी मोटार दारातच ठेवून कुंभारीला कामाला गेले. ब्रेक ढिले झालेत, सकाळी निघायच्या आधी आवळतो, असं जाताना सांगून गेले. ते वळणावर दिसेनासे झाले, तशी मी ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि पाना दिला.

ह्यांनी नाही नाही म्हणून पाहिलं. पण भाऊजी इंदूला समजावून सांगायचे ते मी खिडकीतून इतक्यांदा ऐकलं होतं, की मला सगळं पाठ होतं. चाक उचलायचं, त्याच्या मागचा चौकोनी बोल्ट चाक अडेपर्यंत आवळायचा, मग दोनदा 'खट्' होईपर्यंत उलटा फिरवायचा, म्हणजे चाक मोकळं फिरतं. हे टोपीसकट मोटारीखाली गेले. लोक जमले. मीही चहाचा पेला घेऊन उभी राहिले, पदर इंदूपेक्षा जरा वर खोचून.

चारी चाकं अगदी बरोबर झाली होती. पण तेवढ्यात इंदू दारातून म्हणाली, "जाऊबाई, दोन खट् मागं घेतलंत ना?"

ते 'ना' मला लागलं. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचे ब्रेक सारखे ढिले पडतात. ह्यांचे पडायचे नाहीत." आणि ह्यांना परत खाली पाठवून प्रत्येक चाक एकेक खट् पुन्हा आवळून घेतलं. चाक घासतंय, असं हे खालून म्हणत होते. मी म्हटलं, घासू दे की.

सकाळी भाऊजींनी ह्यांची पाठ थोपटली. इंदू पुढं भाऊजींशेजारी बसली, मी हौद्यात सासूबाईंशेजारी ताठ बसले. थोडं पुढं गेल्यावर भाऊजी म्हणाले, आज मोटार जड का ओढतेय? पुढं दोघं बसल्यावर ओढणारच, असं मी मागून सांगितलं. मग वास आला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. चाकांतून धूर निघाला आणि मोटार माळावर आपोआप थांबली.

भाऊजींनी चाकाला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "दादा, खट् मागं घेतलं नव्हतंस?"

"घेतलं होतं," हे म्हणाले आणि माझ्याकडं बघू लागले. इंदूनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला, ते तर मला मुळीच सोसलं नाही.

चाकं निवेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. बारशाची वेळ टळत होती. तेवढ्यात एक बैलगाडी आली. गाडीवानानं नाक वर करून विचारलं, "लई वास सुटलाय की. काय जळतंय हितं?"

आमचे हे कोर्टातल्यासारखं हळू, स्पष्ट बोलले. "काही नाही. घरचंच माणूस आहे."

गाडीवानानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि बैल जरा लांबून नेले.