सव्वादोन तासांच्या आत नाही

बोलता बोलता सर मध्येच थांबायचे, डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे आणि म्हणायचे, “एक मिनिट हं, मोजतोय.” समोर विद्यार्थी असो, विभागप्रमुख असोत की सेक्टर २२मधला भाजीवाला, सगळ्यांनी गप्प राहायचं. मग, “ठीक आहे. बोला पुढे.” हृदयात स्टेंट बसला की माणसं जपून चालायला लागतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमचे सर पळायला लागले.

सर मूळचे साताऱ्याकडचे. इथे, उत्तरेकडच्या या शहरात, विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्याच विभागात, आणि राहायलाही समोरच्याच क्वार्टरमध्ये. साठी जवळ आलेली असताना त्यांनी ट्रायथलॉनमध्ये नाव दिलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, “कीजिए, पर आराम से.” आता आराम म्हणजे किती वेळ, यावरून घरात जुंपली.

एका रविवारी वहिनींनी मला पोह्यांचं निमित्त करून बोलावलं. खरं तर त्यांना साक्षीदार हवा होता.

“पावणेदोन तास,” सर म्हणाले.

“अडीच,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, अडीच तासांत लोक मंडप काढून घरी जातील!”

“जाऊ देत. मी थांबेन.”

“एक पंचावन्न. पक्का.”

“अहो, ऑपरेशन थिएटरबाहेर मी बसले होते, तुम्ही नाही.”

सर ताटलीतले शेंगदाणे एका बाजूला करत राहिले. शेवटी सव्वादोनवर तोडगा निघाला. त्याच्या आत पोचायचं नाही. शर्यतीत उतरणारा माणूस लवकर न पोचण्याचं वचन देतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

शर्यतीच्या दिवशी मी स्वयंसेवक होतो. तलावाकाठच्या रस्त्यावर, शेवटच्या वळणापाशी, पाण्याचं टेबल सांभाळत होतो. सर कृष्णेत पोहायला शिकलेले, त्यामुळे तरणतलावातून ते बऱ्याच पोरांच्या आधी बाहेर पडले. सायकलवर काही तरुण सरदारांनी “शाबाश, अंकलजी!” म्हटलं आणि सरांना चेव चढला. माझ्या टेबलापाशी पळत आले ते हसतच. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चेहरा पडला.

“फार लवकर आलो हो.”

“मग आता?”

“आता काय? बसतो.”

आणि खरोखरच फुटपाथच्या कडेला बसले. मी एक केळं दिलं. जाणारे-येणारे ओरडत होते, “उठो अंकलजी, थोड़ा ही बाकी है!”

“पता है जी. अभी टाइम नहीं हुआ.”

एका भल्या मुलीला वाटलं, यांना चक्कर आली. तिनं हाक मारली आणि दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावत आले. तिकडे शेवटच्या रेषेपाशी माइकवरून कुणीतरी सांगून टाकलं, “एक बुज़ुर्ग पानी की टेबल के पास बैठ गए हैं.”

तिथे वाट बघत उभ्या असलेल्या वहिनी आल्या. साडी, खांद्याला पर्स, आणि पळत. मी त्यांना त्याआधी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. स्ट्रेचर दिसलं तशा जागीच थबकल्या. मग स्ट्रेचरवाल्यांशी हुज्जत घालणारे सर दिसले, हातात अर्धं केळं.

“अहो... बसलात कशाला?”

“सव्वादोन कुठे झालेत अजून?”

वहिनींना हसू आणि रडू एकदमच आलं, ते पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, “उठा. जितका वेळ व्हायचा तितका होऊ दे.”

“नक्की?”

“उठा म्हणते ना! लोक बघतायत. चला, मी येते.”

दोघं निघाले. पण वहिनींना इतका वेळ धरून ठेवलेल्या भीतीचाच वेग आला असावा. रेषेपाशी त्या चार पावलं पुढे होत्या. तिथल्या गोंधळलेल्या पोरीनं “काँग्रॅच्युलेशन्स, आंटीजी!” म्हणत पदक त्यांच्याच गळ्यात घातलं.

सर निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. समोरच्या क्वार्टरला आता दुसरी पाटी आहे. त्या सकाळी मी काढलेला एक फोटो माझ्याकडे राहिलाय. वहिनी पदक घालून ताठ उभ्या आहेत, आणि शेजारी घामाघूम झालेले सर त्यांची पर्स सांभाळत हसतायत.