खिशातला झाडपाला

मला वाचवलं ते येडशीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी. माणूस तिरसट, प्रत्येक प्रश्न दोनदा विचारणारा. औषध देण्याआधी ते ज्याला त्याला खिसा, कनवट टेबलावर रिकामी करायला लावत. लोक हसायचे, "चला, झडती द्या, फौजदार आले!"

मी कोकणातनं रेल्वेच्या कामावर आलेला, चौथीत शाळा सोडलेला. कंबर धरली म्हणून महिनाभर किराणा दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या खात होतो. एक दिवस पोटात आग पडली, घेरी आली, तसाच दवाखान्यात गेलो आणि गोळ्यांचं सांगितलं.

"आणखी काय खातोस? काय खातोस?"

"काही नाही."

त्यांनी स्वतःच माझा खिसा उलटा केला. वैदूच्या गुग्गुळाच्या गोळ्या टेबलावर घरंगळल्या.

"ते औषध थोडंच आहे? झाडपाला आहे," मी म्हणालो.

"पोटात गेल्यावर त्यो बी औषधच व्हतो, बाबा! शौचाला काळं व्हतंय का? काळं?"

मी होकाराची मान डोलावली. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दोन्ही रक्त पातळ करतात, अन् तू एकावर एक घेतलंस. आतून रक्त जातंय."

दवाखान्याला कुलूप लावून त्यांनी मला मालट्रकमधनं उस्मानाबादच्या इस्पितळात नेलं. वाटभर माझं मनगट सोडलं नाही.

एक दिवस त्यांना गावी नेईन आणि आईच्या हातचं पोटभर जेवू घालीन. हा माझा शब्द आहे.